वाचकांचे प्रश्न : हेस्टिंग्ज घराण्याची लुप्त झालेली पदवी

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धावरील आमच्या लेखात गव्हर्नर-जनरल मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज यांचा उल्लेख करताना ‘ही पदवी पुढे १८६८ मध्ये लुप्त झाली’ असे एक वाक्य ओघात आले होते. लेख युद्धाविषयी होता. आलेली बहुतेक पत्रे मात्र त्या एका वाक्याविषयी आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : पेशवाई बुडाली तेव्हाचे लॉर्ड हेस्टिंग्ज आणि वॉरन हेस्टिंग्ज हे एकाच घराण्यातील होते काय? मार्क्विस ही पदवी त्यांना पेशव्यांचे राज्य जिंकल्याबद्दल मिळाली असे आम्ही ऐकत आलो आहोत. ते खरे आहे काय? — एक वाचक, पुणे

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. वॉरन हेस्टिंग्ज १७७३ ते १७८५ या काळात बंगालचे गव्हर्नर-जनरल होते आणि त्यांना उमरावपद कधीच मिळाले नाही; उलट मायदेशी परतल्यावर पार्लमेंटपुढे चाललेल्या प्रदीर्घ खटल्याला त्यांना तोंड द्यावे लागले. १८१३ मध्ये कलकत्त्याला आलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जचे मूळ नाव फ्रान्सिस रॉडन. त्यांचा जन्म १७५४ चा आणि घराणे आयर्लंडमधले. त्यांचे वडील जॉन रॉडन यांना १७६२ मध्ये अर्ल ऑफ मॉयरा करण्यात आले होते. ‘हेस्टिंग्ज’ हे नाव त्यांच्याकडे आईकडून आले. आई एलिझाबेथ ही हंटिंग्डनच्या अर्लची कन्या होती, आणि मामा निपुत्रिक वारल्यावर लेस्टरशायरमधील डॉनिंग्टन पार्कची मालमत्ता भाच्याला मिळाली. त्यानंतर १७९० मध्ये त्यांनी आजोळचे आडनाव आपल्या आडनावाला जोडले. हिंदुस्थानात आले तेव्हा ते अर्ल ऑफ मॉयरा होते, आणि त्यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांच्या कागदपत्रांत हेच नाव आढळते.

मार्क्विस ही अर्लहून वरची पदवी त्यांना मिळाली ती नेपाळच्या युद्धाबद्दल. १८१४ मध्ये सुरू झालेले ते युद्ध आरंभी इंग्रजांना फार जड गेले, परंतु १८१६ मध्ये सगौलीच्या तहाने त्याचा निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. त्याचे बक्षीस म्हणून मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, अर्ल ऑफ रॉडन आणि व्हायकाउंट लाउडन अशा तीन पदव्या त्यांना एकदमच देण्यात आल्या. पुण्याचा तह १३ जून १८१७ चा आणि खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. म्हणजे दुसऱ्या बाजीरावाशी युद्ध पेटण्यापूर्वीच हे गृहस्थ मार्क्विस झालेले होते. मराठ्यांच्या आणि पेंढाऱ्यांच्या पाडावाबद्दल त्यांना जे मिळाले ते पैशाच्या रूपाने: जहागीर विकत घेण्यासाठी कंपनीने १८१९ मध्ये ६०,००० पौंड मंजूर केले.

खडकीला ज्या दिवशी बापू गोखल्यांची फौज इंग्रजांवर चालून गेली, त्याच दिवशी उत्तरेत हेस्टिंग्ज यांनी दौलतराव शिंद्यांकडून तहावर सही घेतली आणि पेशव्यांचा सर्वांत मोठा संभाव्य आधार काढून घेतला. युद्धाचा निकाल रणांगणापेक्षा त्या सहीने अधिक ठरवला, असे प्रस्तुत उत्तरकर्त्याचे मत आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांच्या बुंदेलखंडातील छावणीत पटकीची साथ पसरून हजारो माणसे दगावली, आणि आपण मेलो तर शत्रूला कळू न देता तंबूतच पुरून टाकावे, अशी सूचना खुद्द गव्हर्नर-जनरलने देऊन ठेवली होती.

या माणसाच्या हाती पैसा कधी टिकला नाही. तरुणपणी युवराजाच्या मैत्रीत आणि फ्रान्समधून परागंदा झालेल्या राजघराण्याच्या आदरातिथ्यात त्यांनी मालमत्तेचा मोठा भाग घालवला होता. हिंदुस्थानातील कारकिर्दीचा शेवटही हैदराबादच्या विल्यम पामर आणि कंपनी या सावकारी पेढीच्या प्रकरणाने डागाळला. ही पेढी निजामाला जबर व्याजाने कर्ज देत असे, तिचा एक भागीदार हेस्टिंग्ज यांच्या पालकत्वाखाली वाढलेल्या मुलीचा नवरा होता, आणि पेढीवर गव्हर्नर-जनरलची मेहेरनजर असल्याचा आरोप लंडनपर्यंत पोहोचला. १८२३ च्या आरंभी ते परतले, आणि दहा वर्षे हिंदुस्थानावर सत्ता गाजवलेल्या या मनुष्याला पुढच्याच वर्षी माल्टासारख्या लहान बेटाचे गव्हर्नरपद पत्करावे लागले. २८ नोव्हेंबर १८२६ रोजी नेपल्सजवळ जहाजावर त्यांचा मृत्यू झाला. आपला उजवा हात कापून जपून ठेवावा आणि पत्नीच्या निधनानंतर तिच्या शवपेटीत ठेवावा, अशी त्यांची शेवटची इच्छा होती. देह माल्टात पुरला गेला. हात स्कॉटलंडला गेला आणि १८४० मध्ये पत्नी वारल्यावर तिच्याबरोबर ठेवण्यात आला.

प्रश्न : चौथ्या मार्क्विसला मूल नव्हते हे समजले, परंतु त्याच्या बहिणी हयात असताना पदवी लुप्त कशी झाली? इंग्लंडच्या गादीवर तर त्या वेळी स्वतः राणी बसलेली होती. — एक वाचिका, नाशिक

आपला प्रश्न नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. इंग्लंडची गादी एका नियमाने चालते आणि उमरावांच्या पदव्या वेगळ्याने. त्यातही सर्व पदव्यांना लागू होईल असा एकच नियम नाही. प्रत्येक पदवीची सनद स्वतंत्र असते आणि ती पदवी कोणाकडे जाईल हे त्या सनदेतील शब्दांवरून ठरते. बहुतेक सनदांत पदवी मूळ पुरुषाच्या ‘औरस पुरुषवारसांना’ जाईल असे लिहिलेले असते. अशा वेळी मुलगी, मुलीचा मुलगा किंवा मूळ पुरुषाच्या भावाचा वंश यांपैकी कोणालाही हक्क पोहोचत नाही. मूळ पुरुषापासून निघालेली मुलग्यांची ओळ संपली की पदवी संपली.

हेस्टिंग्ज घराण्याचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे ते यासाठी की, १० नोव्हेंबर १८६८ रोजी एका माणसाच्या मृत्यूने त्याच्या डझनभर पदव्यांच्या तीन वेगवेगळ्या गती झाल्या. मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज, अर्ल ऑफ रॉडन व व्हायकाउंट लाउडन या नेपाळयुद्धानंतरच्या तीन पदव्या, आयर्लंडमधील मॉयराची अर्लशिप व तिच्याखालची बॅरनी (म्हणजे बॅरनची पदवी), लॉर्डांच्या सभागृहात बसता यावे म्हणून १७८३ मध्ये मिळालेली रॉडनची बॅरनी, आणि १६६५ पासून चालत आलेली बॅरोनेटची पदवी (ही वंशपरंपरेची, पण उमरावाहून खालची), या सगळ्या पुरुषवारसाच्या अटीने बांधलेल्या असल्यामुळे त्याच दिवशी लुप्त झाल्या.

लाउडनची अर्लशिप मात्र लुप्त झाली नाही. ही १६३३ ची स्कॉटिश पदवी पहिल्या मार्क्विसच्या पत्नीची होती. फ्लोरा म्युर-कॅम्पबेल ही नवऱ्यामुळे नव्हे तर स्वतःच्या हक्काने काउंटेस होती. स्कॉटलंडमधील कित्येक जुन्या पदव्या स्त्रियांकडे जाऊ शकतात, त्यामुळे मृत मार्क्विसची थोरली बहीण ईडिथ ही त्याच क्षणी लाउडनची काउंटेस झाली.

तिसरी गती आपल्याकडील वाचकांना अधिक नवलाची वाटेल. पहिल्या मार्क्विसला आईकडून काही अतिप्राचीन इंग्लिश बॅरनी मिळाल्या होत्या. त्यांपैकी हेस्टिंग्जची बॅरनी १४६१ ची, म्हणजे चौथ्या एडवर्डचा विश्वासू सरदार विल्यम हेस्टिंग्ज याची होती, ज्याचे डोके पुढे तिसऱ्या रिचर्डने १४८३ मध्ये उडवले. अशा बॅरनींना सनदच नसते. राजाने एखाद्याला पार्लमेंटला बोलावणे धाडले आणि तो गेला, एवढ्यावरच त्या निर्माण झाल्या असे मानले जाते. त्या मुलींकडे जाऊ शकतात, परंतु मुलींमध्ये थोरली-धाकटी असा भेद कायदा करत नाही. एकीपेक्षा अधिक बहिणी असल्या की सर्वांचा हक्क सारखा ठरतो आणि पदवी अखंड असल्यामुळे ती कोणालाच वापरता येत नाही. ती तहकूब राहते. सर्व शाखा संपून एकच वारस उरेपर्यंत किंवा राजाने त्यांतील एकाची निवड करेपर्यंत ती तशीच पडून राहते, आणि काही बॅरनी अशा शतकानुशतके पडून राहिलेल्या आहेत. येथे फार वाट पाहावी लागली नाही. १८७१ मध्ये राणीने ईडिथच्या बाजूने निर्णय देऊन त्या बॅरनी तिच्या स्वाधीन केल्या. चौथ्या मार्क्विसला त्याच्या आईकडून मिळालेली ग्रे दि रूथिन ही बॅरनी मात्र १८८५ पर्यंत तहकूब होती, आणि ती धाकट्या बहिणीला, बर्थाला मिळाली.

गंमत अशी की, याच घराण्यात ऐंशी वर्षांपूर्वी अशीच फाटाफूट एकदा होऊन गेली होती. मॉयरांचे मामा, हंटिंग्डनचे दहावे अर्ल, १७८९ मध्ये औरस संततीवाचून वारले तेव्हा प्राचीन बॅरनी बहिणीकडे गेल्या आणि अर्लशिपला कोणी दावेदारच पुढे येईना. ती लुप्त झाली असेच सर्वांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात ती केवळ निद्रिस्त होती. आयर्लंडमध्ये एनिस्किलन येथे सरकारी दारूगोळ्याच्या कोठारावर नोकरी करणाऱ्या हान्स फ्रान्सिस हेस्टिंग्ज नावाच्या दूरच्या भाऊबंदाने एका वकिलाच्या उत्साहामुळे कागदपत्रे गोळा करून १८१९ मध्ये आपला हक्क शाबीत केला. पदवी मिळाली, पण जमीनजुमला तोवर भाच्याकडे गेलेला होता, त्यामुळे नव्या अर्लच्या हाती मानाखेरीज फारसे काही पडले नाही. ‘लुप्त’, ‘तहकूब’ आणि ‘निद्रिस्त’ या तीन अवस्था वर्तमानपत्रांतून सर्रास एकमेकींच्या जागी वापरल्या जातात, म्हणून हे विस्ताराने लिहिले.

प्रश्न : राणी व्हिक्टोरियाच्या दरबारातील लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज ही याच घराण्यातील होती काय? — एक वाचक, ठाणे

होय. ती पहिल्या मार्क्विसची मुलगी आणि दुसऱ्या मार्क्विसची बहीण. व्हिक्टोरियाच्या आईच्या, म्हणजे डचेस ऑफ केंटच्या, परिवारात ती मानकरी होती. १८३९ च्या आरंभी तिचे पोट वाढलेले दिसू लागले आणि ती अविवाहित असल्यामुळे दरबारात कुजबूज सुरू झाली. संशय डचेसचे कारभारी सर जॉन कॉनरॉय यांच्यावर होता, आणि एकोणीस वर्षांच्या राणीचा या गृहस्थांवर आधीच राग होता. डॉक्टरांकडून अपमानकारक तपासणी करवून घेऊन फ्लोराने आपले निर्दोषत्व सिद्ध केले, तरी वावड्या थांबल्या नाहीत. ५ जुलै १८३९ रोजी ती वारली, आणि शवतपासणीत तिच्या यकृताचा विकार उघड झाला. तिच्या भावाने आणि आईने हे प्रकरण वर्तमानपत्रांतून लोकांपुढे मांडले होते. राणीची लोकप्रियता त्या वर्षी एवढी उतरली की सार्वजनिक ठिकाणी तिची हुर्यो झाली. पुढे आयुष्यभर सोज्ज्वळतेची मूर्ती म्हणून मिरवलेल्या राणीच्या कारकिर्दीतील हे पहिले मोठे लांच्छन, आणि त्यात दोष सर्वस्वी दरबाराचा होता.

प्रश्न : शेवटच्या मार्क्विसने एका घोड्यापायी सर्वस्व घालवले अशी कथा वाचनात आली. तिच्यात तथ्य किती? — एक वाचक, कोल्हापूर

तथ्य बरेच आहे, फक्त ‘एका घोड्यापायी’ हे शब्द थोडे सैल आहेत.

दुसरे मार्क्विस १८४४ मध्ये वारले. त्यांचा थोरला मुलगा १८५१ मध्ये अठराव्या वर्षी अविवाहित मरण पावला आणि पदवी आठ वर्षांच्या धाकट्याकडे, हेन्रीकडे, आली. याचे पूर्ण नाव हेन्री वेसफर्ड चार्ल्स प्लँटाजेनेट रॉडन-हेस्टिंग्ज. ईटन आणि ऑक्सफर्ड येथे रीतीप्रमाणे शिक्षण झाले, पण वयात येताच त्याने घोड्यांच्या शर्यती, शिकारी कुत्र्यांचे कळप आणि पैजा यांतच जन्म काढायचे ठरवलेले दिसते.

१८६४ मध्ये लंडनमध्ये हेन्री चॅप्लिन या श्रीमंत जमीनदाराचा लेडी फ्लॉरेन्स पॅजेटशी विवाह ठरला होता. ठेंगण्या बांध्याच्या आणि विलक्षण देखण्या अशा या मुलीचे कौतुक अवघ्या शहरात चालले होते. जुलैमधील एका सकाळी लग्नाच्या खरेदीसाठी म्हणून ती ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील मार्शल अँड स्नेलग्रोव्ह या दुकानात एका दाराने शिरली आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडून थेट हॅनोव्हर स्क्वेअरमधील सेंट जॉर्ज चर्चमध्ये गेली. तेथे मार्क्विस ऑफ हेस्टिंग्ज तिची वाट पाहत होता. त्याच दिवशी लग्न लागले. चॅप्लिनने चारचौघांत चकार शब्द काढला नाही.

पुढे चॅप्लिनने हर्मिट नावाचे शिंगरू लिलावात १,००० गिनींना घेतले. त्याच शिंगरासाठी हेस्टिंग्जनेही बोली लावली होती. १८६७ च्या डर्बीत, म्हणजे एप्समच्या प्रसिद्ध घोड्यांच्या शर्यतीत, हर्मिट धावणार असे ठरल्यावर हेस्टिंग्जने त्याच्याविरुद्ध पैजा घेण्यास सुरुवात केली. त्यामागे अश्वपरीक्षा किती आणि जुने वैर किती हे ज्याने त्याने ठरवावे. शर्यतीच्या काही दिवस आधी सरावात हर्मिटची रक्तवाहिनी फुटून नाकातून रक्त वाहू लागले आणि तो पळणारच नाही असे सर्वांनी धरून चालले. एका पौंडाला सहासष्टच्या आसपास भाव फुटला. हेस्टिंग्ज आणखी पैजा घेतच राहिला. २२ मे रोजी एप्सम येथे बर्फाचे कण पडत असताना, अनेकदा चुकलेल्या सुरुवातीनंतर शर्यत सुटली आणि हर्मिटने शेवटच्या टप्प्यात मुसंडी मारून ती जिंकली. हेस्टिंग्जचे नुकसान सुमारे १,२०,००० पौंडांचे झाले, आणि त्यांतील सुमारे २०,००० पौंड एकट्या चॅप्लिनला द्यायचे होते. चॅप्लिनने त्याला पैसे सावकाश देण्याची मुभा दिली. ज्याची वाग्दत्त वधू पळवली त्याच्याकडून असे औदार्य वाट्याला यावे, हा दंड काही लहान नव्हे.

केवळ या एका शर्यतीने तो बुडाला नाही, कारण त्यापूर्वी आणि नंतरही तो तसाच खेळत होता. स्कॉटलंडमधील जमीन विकण्याची वेळ आली आणि सावकारांनी घोड्यांवरही ताबा मिळवला. १८६८ च्या डर्बीत त्याची लेडी एलिझाबेथ ही घोडी सर्वांच्या पसंतीची होती, पण ती साफ मागे पडली. त्याचा दुसरा घोडा दि अर्ल ऐन वेळी शर्यतीतून काढून घेण्यात आला आणि नंतर पॅरिसची मोठी शर्यत जिंकून हेस्टिंग्जने काय गमावले ते त्याने दाखवून दिले. शर्यतींच्या जगातील ज्येष्ठ पंच ॲडमिरल राउस यांनी ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा तरुण सावकारांच्या जाळ्यात अडकलेला असल्याचे जाहीरपणे म्हटले. त्यानंतर काही महिन्यांतच, सव्वीस वर्षांचा असताना, तो वारला. हर्मिटच्या विजयाने आपले काळीज फाटले, पण आपण ते कोणाला दिसू दिले नाही, असे तो अखेरीस म्हणाल्याचे सांगतात. मूल नव्हते. विधवा झालेल्या फ्लॉरेन्सने १८७० मध्ये दुसरे लग्न केले. हर्मिट पुढे इंग्लंडमधील सर्वांत यशस्वी वळूघोड्यांपैकी एक ठरला. आणि चॅप्लिन राजकारणात जाऊन मंत्री झाला व १९१६ मध्ये व्हायकाउंट. ती पदवीही १९८१ मध्ये लुप्त झाली आहे.

प्रश्न : दत्तक नामंजूर करून आमचे सातारा खालसा करणाऱ्या लॉर्ड डलहौसीची पदवीही वारसाअभावी बुडाली असे म्हणतात. हे खरे की केवळ समाधानासाठी रचलेली गोष्ट? — एक वाचक, सातारा

खरे आहे. डलहौसीला मार्क्विस ही पदवी दुसऱ्या शीख युद्धानंतर १८४९ मध्ये मिळाली. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता; १९ डिसेंबर १८६० रोजी तो वारला आणि मार्क्विसची पदवी पहिल्याच पिढीत लुप्त झाली. डलहौसीची जुनी स्कॉटिश अर्लशिप मात्र त्याच्या चुलत घराण्यातील फॉक्स मॉल यांच्याकडे गेली, त्यामुळे ‘अर्ल ऑफ डलहौसी’ ही पदवी आजही आहे. दोन्हींची गल्लत होते.

१८४८ मध्ये शहाजीराजे ऊर्फ अप्पासाहेब यांनी मृत्युसमयी घेतलेला दत्तक अमान्य करून सातारा, आणि पुढे झाशी व नागपूर ही राज्ये घेणाऱ्या, तसेच दुसऱ्या बाजीरावाचे आठ लाखांचे निवृत्तिवेतन दत्तक नानासाहेबांना नाकारणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे घडावे, यात काव्यगत न्याय दिसला तर नवल नाही. तरीही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. इंग्रजी उमरावीत दत्तकाला कधीच स्थान नव्हते. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ मध्ये झाला आणि आजही दत्तक मुलाला वडिलांची पदवी मिळत नाही. डलहौसीने स्वतःच्या समाजातला नियम हिंदू धर्मशास्त्राच्या क्षेत्रात आणून बसवला, हाच खरा आक्षेप आहे, कारण हिंदू कायद्यात दत्तक पुत्र हा श्राद्धापासून वारसापर्यंत सर्व बाबतींत पुत्रच असतो. शिवाय तेथे बुडाली ती नुसती पदवी आणि येथे बुडाले ते राज्य, हा फरकही लहान नाही.

त्याच्या मागून आलेल्या कॅनिंगची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. संस्थानिकांना दत्तक घेण्याचा हक्क देणाऱ्या सनदा १८६२ मध्ये त्याच्याच हातून निघाल्या. तो स्वतः निपुत्रिक होता, आणि त्याच वर्षी जूनमध्ये लंडनला तो वारला तेव्हा १८५९ मध्ये मिळालेली अर्लशिप आणि आईकडून आलेली व्हायकाउंटशिप, दोन्ही त्याच्याबरोबर संपल्या.

प्रश्न : मुंबईशी निगडित अशी एखादी पदवी लुप्त झाली आहे काय? — एक वाचिका, मुंबई

ससून घराण्याच्या दोन पदव्यांचा उल्लेख करता येईल, मात्र बॅरोनेट हा उमराव नव्हे. पदवी वंशपरंपरेची असली तरी तिच्याबरोबर लॉर्डांच्या सभेतील जागा येत नाही. ससून डॉक बांधणारे अल्बर्ट ससून यांची १८९० ची बॅरोनेटसी त्यांचे नातू फिलिप ससून १९३९ मध्ये अविवाहित वारल्यावर लुप्त झाली. जेकब ससून यांना १९०९ मध्ये मिळालेल्या ‘बॉम्बे’च्या बॅरोनेटसीची सनद लक्ष देण्याजोगी आहे. जेकब यांना मुलगा नव्हता, म्हणून आपल्यामागे पदवी धाकट्या भावाकडे जावी अशी खास तरतूद तिच्यात करून घेण्यात आली होती. त्या तरतुदीमुळे ती आणखी दोन पिढ्या चालली आणि व्हिक्टर ससून यांच्या मृत्यूने १९६१ मध्ये लुप्त झाली.

प्रश्न : हेस्टिंग्ज घराण्यातील एक वंशज ऑस्ट्रेलियात होता आणि तोच इंग्लंडचा खरा राजा असे एका चित्रवाणी कार्यक्रमात सांगितले गेले. हे काय प्रकरण आहे? — एक वाचक, मेलबर्न

तो वंशज मायकेल ॲबनी-हेस्टिंग्ज, लाउडनचे चौदावे अर्ल. म्हणजे वर उल्लेखिलेल्या ईडिथचा वंश. तरुणपणीच ते न्यू साउथ वेल्समधील जेरिल्डरी या लहान गावी जाऊन स्थायिक झाले होते. २००४ मधील त्या कार्यक्रमाचा युक्तिवाद असा होता की, चौथा एडवर्ड हा अनौरस होता, म्हणून गादीचा हक्क त्याचा भाऊ ड्यूक ऑफ क्लॅरेन्स याच्या वंशाकडे, आणि तेथून हंटिंग्डनच्या अर्लांमार्फत लाउडन घराण्याकडे येतो. वंशावळ म्हणून ती साखळी बरोबर आहे. परंतु इंग्लंडची गादी १७०१ पासून पार्लमेंटच्या कायद्याने ठरते, त्यामुळे पंधराव्या शतकातील एका राजाच्या जन्माचा वाद आज कोणाला राजा करू शकत नाही. स्वतः अर्ल महाशय प्रजासत्ताकाचे समर्थक होते. २०१२ मध्ये ते वारले आणि लाउडनची अर्लशिप त्यांच्या मुलाकडे गेली.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या लॉर्ड विलिंग्डन यांची पदवी आज कोणाकडे आहे? आणि लुप्त झालेली पदवी पुन्हा देता येते काय? — एक वाचक, सांगली

विलिंग्डन १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते. जून १९१८ मधील युद्धपरिषदेत त्यांनी लोकमान्य टिळकांना मध्येच अडवल्यावर टिळक सभा सोडून गेले, तो प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यांचे नाव मिळालेले आपले महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले. बॅरन, व्हायकाउंट, अर्ल अशा पायऱ्या चढत व्हाइसरॉयपद संपल्यावर १९३६ मध्ये ते मार्क्विस झाले, आणि त्यानंतर आजतागायत कोणालाही नव्याने मार्क्विस करण्यात आलेले नाही. त्यांचा थोरला मुलगा १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच मारला गेला; धाकटा मुलगा दुसरा मार्क्विस झाला आणि १९७९ मध्ये निपुत्रिक वारला. तेव्हा ही पदवी आज कोणाकडेही नाही.

लुप्त पदवीचे नाव राजाला पुन्हा देता येते, परंतु ती नवी सनद मानली जाते आणि तिचा धारक पुन्हा ‘पहिला’ म्हणून मोजला जातो. जुन्या पदवीचा मान किंवा क्रम त्याला मिळत नाही. १९५८ च्या कायद्याने तहहयात उमराव नेमण्याची सोय झाल्यापासून मात्र वंशपरंपरेच्या नव्या पदव्या जवळजवळ थांबल्या आहेत. राजघराण्याबाहेर गेल्या साठ वर्षांत केवळ तीन दिल्या गेल्या: १९८३ मध्ये विल्यम व्हाइटलॉ आणि जॉर्ज टॉमस यांना व्हायकाउंटशिप, आणि १९८४ मध्ये माजी पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांना स्टॉक्टनची अर्लशिप. टॉमस अविवाहित होते आणि व्हाइटलॉ यांना फक्त मुली होत्या, त्यामुळे त्या दोन्ही पदव्या अनुक्रमे १९९७ आणि १९९९ मध्ये लुप्त झाल्या. स्टॉक्टनची तेवढी चालू आहे.